कडेचे त्रिकोण बेतताना

प्रश्न : मी नेरूळला राहते. शाळेतून निवृत्त झाल्यावर शिवणकामाकडे पुन्हा वळले आहे. नातीसाठी सुती कापडाचे क्विल्ट करायला घेतले असून त्याचे ९ इंचांचे १८ ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेले चौकोन, शिवून तयार आहेत. ते सरळ रांगेत न लावता एका कोपऱ्यावर उभे, म्हणजे शंकरपाळ्यासारखे मांडायचे आहेत. आडवे तीन, उभे चार आणि मधल्या जागांत सहा. असे मांडल्यावर कडेला त्रिकोणी जागा मोकळ्या राहतात. त्या भरण्यासाठी मी ब्लॉकच्याच मापाचे, मायेसह (शिवणीत जाणाऱ्या जादा कापडासह) साडेनऊ इंचांचे पाच चौकोन घेतले आणि ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापून दहा त्रिकोण केले. डाव्या बाजूला तीन लावून पाहिले, तर ते अपुरे पडले आणि कड सपाट बसण्याऐवजी लाटा आल्यासारखी फुगली. इस्त्री फिरवली, तर फुगवटा आणखी वाढला. माप नेमके कसे काढायचे? शिवलेले उसवावे लागेल का?

उत्तर : ताई, आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देते. लावलेले तीन त्रिकोण उसवावे लागतील. माया पाव इंचाचीच असल्यामुळे उसवताना दोरा ओढला, तर ब्लॉकच्या कडेचे धागे सुटू लागतात. म्हणून दर चार-पाच टाक्यांवर एक टाका कापावा आणि दोन्ही कापडे अलगद वेगळी करावीत. कापलेले दहा त्रिकोण मात्र टाकून देऊ नका, त्यांतील चार याच क्विल्टमध्ये वापरता येतील. ते कसे, हे पुढे लिहिते.

माप अपुरे पडणे आणि कड फुगणे या दोन वेगळ्या तक्रारी वाटल्या, तरी दोन्हींचे मूळ एकाच गोष्टीत आहे : चौकोन कोणत्या रेषेवर आणि किती वेळा कापला. तुमच्या मांडणीत दोन प्रकारचे त्रिकोण लागतात. चार बाजूंना मिळून कडेचे दहा आणि कोपऱ्यांचे चार. दोन्ही प्रकारांचा आकार सारखाच, म्हणजे एक काटकोन आणि ४५ अंशांचे दोन कोन असलेला असतो, त्यामुळे एकाच पद्धतीने कापले तर चालेल असे कोणालाही वाटू शकते. परंतु कडेच्या त्रिकोणाची लांब बाजू क्विल्टच्या बाहेरच्या कडेवर येते, तर कोपऱ्याच्या त्रिकोणाच्या दोन्ही आखूड बाजू बाहेर येतात आणि लांब बाजू आत ब्लॉकला जोडली जाते. कोणती बाजू बाहेर येणार, यावरच चौकोन कसा कापायचा हे ठरते.

याचे कारण कापडाच्या विणीत आहे. उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या दिशेने कापड ओढून पाहा, ते फारसे ताणत नाही. तेच कापड उरेब, म्हणजे कर्णाच्या दिशेने ओढले, तर सहज लांबते आणि पुन्हा पूर्वीच्या मापावर येईलच असे नाही. चौकोन एकाच कर्णावर कापला की प्रत्येक त्रिकोणाची लांब बाजू उरेब होते. तुम्ही तीच बाजू बाहेर ठेवलीत, आणि तिला बाहेरून धरून ठेवणारे काहीच नसल्यामुळे ती शिवताना, उचलताना, इस्त्री फिरवताना दर वेळी थोडी थोडी ताणली गेली. त्याऐवजी मोठा चौकोन घेऊन तो दोन्ही कर्णांवर कापला, तर निघणाऱ्या चार त्रिकोणांची लांब बाजू ही मूळ चौकोनाचीच बाजू असते, म्हणजे सरळ धाग्यावर असते. उरेब कडा आतल्या दोन आखूड बाजूंकडे जातात आणि ब्लॉकच्या सरळ कडांना जोडल्या गेल्यामुळे त्या जागच्या जागी राहतात.

आपल्या घरांतील गोधडीला ही काळजी सहसा घ्यावी लागत नाही. तिथे जुन्या लुगड्यांच्या थरांवर तुकडे ठेवून वरून धावदोरा घातला जातो. ताण खालचे अखंड कापड आणि ते टाके सोसतात, त्यामुळे तुकडा उरेब पडला तरी बिघडत नाही. क्विल्टमध्ये मात्र वरचा थर आधी एकटाच जोडून पुरा होतो आणि अस्तर व कापूस नंतर येतात. तोवर त्या थराला स्वतःच्या कडांच्या बळावर सपाट राहावे लागते. गोधडी शिवणाऱ्या अनुभवी हातांनाही क्विल्टची कड पहिल्यांदा फसवते, ती यामुळे.

आता मापाकडे वळू. एक जुने वर्तमानपत्र घ्या, त्यातून ९ इंचांचा नेमका चौकोन कापा, कर्णावर घडी घाला आणि घडीची लांबी मोजा. टेपवर जवळजवळ पावणेतेरा इंच दिसतील. शिवून पूर्ण झालेल्या कडेच्या त्रिकोणाची बाहेरची बाजू तेवढीच असायला हवी, कारण एका ब्लॉकच्या टोकापासून शेजारच्या ब्लॉकच्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे ब्लॉकचा कर्णच असतो. गणिताने हे माप काढायचे तर ब्लॉकच्या तयार बाजूला १.४१४ ने गुणायचे. ९ गुणिले १.४१४ म्हणजे १२.७३.

हा गुणाकार तोंडी करण्याची एक रीत बौधायनाच्या शुल्बसूत्रात आहे आणि शिवणकामात ती मला कॅल्क्युलेटरपेक्षा सोयीची वाटते. बाजूमध्ये तिचा एक तृतीयांश मिळवायचा आणि त्या तृतीयांशाचा पुन्हा एक चतुर्थांश मिळवायचा. सूत्रात यापुढे एक बारीकशी वजाबाकीही सांगितली आहे, पण कात्रीच्या कामासाठी तिची गरज नाही. ९ मध्ये ३ मिळवले की १२, आणि ३ चा चतुर्थांश पाऊण मिळवला की पावणेतेरा. ६ इंचांच्या ब्लॉकसाठी ६, २ आणि अर्धा मिळून साडेआठ, तर १२ इंचांच्या ब्लॉकसाठी १२, ४ आणि १ मिळून १७ इंच. येणारे उत्तर खऱ्या कर्णापेक्षा केसभर जास्तच असते, आणि या कामात कमीपेक्षा जास्त असलेले केव्हाही बरे.

या कर्णात शिवणीची माया मिळवावी लागते, आणि नेमक्या इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. चौकोनी तुकड्याला दोन बाजूंची पाव-पाव इंच मिळून अर्धा इंच माया पुरते. म्हणूनच तुमचा ९ इंचांचा ब्लॉक शिवण्यापूर्वी साडेनऊ इंच भरतो. त्रिकोणाच्या निमुळत्या टोकांपाशी मात्र शिवण तिरपी जाते आणि तेवढीच पाव इंच माया राखण्यासाठी टोक बरेच लांब ठेवावे लागते. पाव इंच मायेच्या हिशेबाने लांब बाजूत सव्वा इंच आणि आखूड बाजूत सात सूत (आठ सुतांचा एक इंच), म्हणजे एका इंचाला एक सूत कमी, एवढी वाढ लागते. यावरून तुमच्या क्विल्टचा हिशेब असा होतो : कडेच्या त्रिकोणांसाठी पावणेतेरा अधिक सव्वा, म्हणजे १४ इंचांचा चौकोन, दोन्ही कर्णांवर कापलेला, कोपऱ्यांसाठी कर्णाचा निम्मा भाग, म्हणजे सहा इंच तीन सूत, अधिक सात सूत, म्हणजे सव्वासात इंचांचा चौकोन, एकाच कर्णावर कापलेला. दहा त्रिकोणांसाठी १४ इंचांचे तीन चौकोन लागतील आणि दोन त्रिकोण उरतील. चार कोपऱ्यांसाठी सव्वासात इंचांचे दोन चौकोन पुरतील.

तुम्ही साडेनऊ इंचांचा चौकोन कापल्यामुळे त्रिकोणाची आखूड बाजू शिवल्यानंतर ९ ऐवजी साधारण ८.६५ इंच उरली, म्हणजे जवळजवळ तीन सूत कमी, आणि बाहेरची लांब बाजू अर्धा इंच कमी भरली. एवढ्याशा फरकानेही पुढे बॉर्डर जोडताना ब्लॉकची टोके शिवणीत गेली असती.

आपल्याकडे कपडे शिवताना अर्धा इंच माया सोडण्याची सवय अनेकींच्या हातात बसलेली असते. क्विल्टही कोणी तशा मायेने जोडत असेल, तर सव्वा इंच आणि सात सूत हे आकडे तिथे चालणार नाहीत. मूळ नियम असा, की लांब बाजूत मायेच्या ४.८३ पट आणि आखूड बाजूत मायेच्या ३.४१ पट वाढवायचे. अर्धा इंच मायेसाठी ही वाढ सुमारे अडीच आणि पावणेदोन इंच होते, तर एक सेंटिमीटर मायेसाठी ४.८ आणि ३.४ सेंटिमीटर. परदेशी पुस्तकांतील तयार कोष्टके पाव इंच माया गृहीत धरूनच दिलेली असतात, त्यामुळे कोष्टक बरोबर असूनही आपले काम चुकू शकते.

म्हणून कात्री हातात घेण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, तुमची पाव इंचाची शिवण खरोखर पाव इंच आहे का. मशीनचा दाबपाय बहुधा त्या मापाचा नसतो. त्याच्या कडेने शिवले तर माया अधिक जाते. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या एकमेकींना जोडून इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे. कमी भरली, तर सुईपासून पाव इंचावर मशीनच्या पत्र्यावर कागदी चिकटपट्टी लावून तिच्या कडेने शिवत जावे. दुसरी गोष्ट, १८ ब्लॉक प्रत्यक्षात किती भरतात. ते साडेनऊऐवजी नऊ इंच तीन सूत भरत असतील, तर तयार बाजू ८ इंच ७ सूत धरायची आणि कर्ण त्यावरून काढायचा. तो सुमारे साडेबारा इंच येईल, म्हणजे १४ आणि सव्वासात हेच चौकोन तुम्हाला पुरतील आणि थोडे कापड शेवटी छाटता येईल. ब्लॉक आपसांतच एक-दोन सूत कमी-जास्त असतील, तर मात्र आधी ते एका मापाला आणावेत, कारण ती उणीव कडेचा त्रिकोण भरून काढू शकत नाही.

कापड नवे घेणार असाल, तर दुकानात आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. ठाण्यात जांभळी नाक्याला काय किंवा तुमच्याजवळ वाशीत काय, ४४ इंच पन्ह्याचे सुती कापड मिळाले, तर १४ इंचांचे तीनही चौकोन एकाच आडव्या पट्टीत बसतात आणि खालच्या सव्वासात इंचांच्या पट्टीत कोपऱ्यांचे दोन. पाऊण मीटर कापड पुरते. पन्हा ३६ इंच असेल, तर एका पट्टीत मोठे दोनच चौकोन येतात, तेव्हा एक मीटर घ्यावे. घरी आणल्यावर कापड धुऊन, वाळवून, हलकी खळ देऊन इस्त्री करावे आणि मगच बेतावे. धुण्याने कापड जेवढे आटायचे तेवढे आधीच आटते आणि खळीमुळे उरेब कडांना कापताना व शिवताना आधार मिळतो. आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, खळ दिलेले कापड घडी घालून फार दिवस ठेवू नये, त्याला बुरशी धरते. जुन्या सुती साडीचे कापड वापरायचे असल्यास ते उजेडासमोर धरून पाहावे. विरलेला भाग कडेच्या त्रिकोणात येऊ देऊ नये, कारण क्विल्ट उचलताना आणि झटकताना सगळी ओढ तिथेच बसते.

नक्षीला दिशा असेल, म्हणजे उभ्या रेघा असतील किंवा फुले एकाच बाजूला तोंड करून असतील, तर कापताना अधिक लक्ष द्यावे लागते. आणि ही बाब मला या साऱ्या हिशेबातील सर्वांत सुंदर वाटते. चौकोन नक्षी सुलटी ठेवून टेबलावर पसरा आणि तो न हलवता दोन्ही कर्णांवर कापा. वरचा त्रिकोण क्विल्टच्या वरच्या कडेला, खालचा खालच्या कडेला, डावा डाव्या आणि उजवा उजव्या कडेला लावला, की चारही ठिकाणी फुले सुलटीच राहतात. तुमच्या मांडणीत वर दोन, खाली दोन, डावीकडे तीन आणि उजवीकडे तीन त्रिकोण लागतात. तीन चौकोनांतून प्रत्येक दिशेचे तीन-तीन निघतात. डाव्या-उजव्या बाजू पुरत्या भरतात, तर वरचा एक आणि खालचा एक उरतो. कापल्याबरोबर, तुकडे उचलण्यापूर्वी, प्रत्येकावर खडूने वर, खाली, डावा, उजवा असे लिहून ठेवावे. एकदा ढीग झाला की ते ओळखणे कठीण जाते. कोपऱ्यांच्या दोन चौकोनांपैकी एक एका कर्णावर आणि दुसरा त्याच्या उलट कर्णावर कापावा. दोन्ही एकाच बाजूने कापले, तर चारपैकी दोन कोपऱ्यांत नक्षी आडवी होते.

आता तुमच्या कापलेल्या दहा त्रिकोणांविषयी. ते एकाच कर्णावर कापलेले आहेत, म्हणजे त्यांच्या आखूड बाजू सरळ धाग्यावर आहेत, आणि कोपऱ्याच्या त्रिकोणाला नेमके हेच हवे असते. ते सव्वासात इंचांच्या हिशेबापेक्षा मोठे आहेत, पण मोठेपणाची अडचण नाही, जादा भाग शेवटी छाटला जाईल. तेव्हा त्यांतील कमीत कमी ताणलेले चार कोपऱ्यांसाठी बाजूला काढा. मग नव्या कापडातून फक्त १४ इंचांचे तीन चौकोन कापले की झाले. नक्षीला दिशा असेल तर हे चार जुळतील की नाही ते आधी मांडून पाहावे. उरलेले सहा उशीच्या अभ्र्याला किंवा पिशवीला वापरता येतील.

जोडणी तिरप्या ओळींनी करायची असते. तुमच्या मांडणीत सहा ओळी होतात आणि त्यांत अनुक्रमे १, ३, ५, ५, ३ आणि १ ब्लॉक येतात. कडेचे त्रिकोण ओळींच्या टोकांना लावायचे. पाच ब्लॉकच्या दोन ओळींना मात्र एकाच टोकाला कडेचा त्रिकोण येतो आणि दुसरे टोक कोपऱ्यासाठी मोकळे राहते. त्रिकोण लावताना त्याचा काटकोन ब्लॉकच्या कोपऱ्याशी तंतोतंत जुळवावा. असे जुळवल्यावर दुसरीकडे त्रिकोणाचे निमुळते टोक ब्लॉकच्या पलीकडे सुमारे तीन सूत बाहेर डोकावते. ते तसेच हवे असते. टोके बरोबरीला आणण्यासाठी त्रिकोण सरकवला, की पुढची सगळी ओळ वाकडी जाते. टाचण्या लावून, त्रिकोणाचे कापड खाली मशीनच्या दात्यांकडे आणि ब्लॉक वर अशा रीतीने शिवावे. त्यामुळे उरेब कड ओढली न जाता सांभाळून घेतली जाते. इस्त्री ढकलत नेऊ नये, ठेवावी आणि उचलावी.

सहाही ओळी एकमेकींना जोडून झाल्यावर शेवटी चार कोपरे लावायचे. त्रिकोणाची लांब बाजू आणि ब्लॉकची बाजू, दोन्हींचा मध्य चिमटीने दुमडून खूण करावी आणि खुणेवर खूण ठेवून शिवावे. तुमचे जुने त्रिकोण मोठे असल्यामुळे दोन्हीकडे बरेच कापड बाहेर येईल. ते दोन्हीकडे सारखे आहे एवढे पाहावे.

काही जणींना ब्लॉकची टोके बॉर्डरला न टेकता थोडी आत राहिलेली आवडतात. तसे हवे असेल, तर मोठा आणि लहान, दोन्ही चौकोन सारख्याच मापाने वाढवावेत. चौकोन एक इंचाने वाढवला की बाहेरची कड अर्धा इंच दूर जाते, आणि हे प्रमाण कडेच्या व कोपऱ्याच्या दोन्ही त्रिकोणांना सारखेच लागू असल्यामुळे कड एका रेषेत राहते. नातीच्या क्विल्टसाठी मी तुम्हाला १४ ऐवजी साडेचौदा इंचांचे चौकोन सुचवेन. तीन चौकोन मिळून साडेत्रेचाळीस इंच होतात, तेव्हा त्यासाठी धुऊन आटल्यानंतरही पन्हा तेवढा उरला आहे ना, हे मोजून घ्यावे. नसेल तर १४ वरच राहावे.

छाटणी सर्वांत शेवटी करावी. लांब पारदर्शक पट्टी ब्लॉकच्या टोकांवर ठेवून, टोकांच्या बाहेर पाव इंच राखून सरळ रेघ मारावी आणि त्या रेघेवर कापावे. टोके आत ठेवायची असतील, तर तेवढे अंतर अधिक धरून चारही बाजूंना तेच ठेवावे. कोपऱ्यात गुण्या लावून काटकोन पडताळून घ्यावा. पाव इंच राखून छाटल्यास तुमचा वरचा थर मायेसह साधारण पावणेएकोणचाळीस बाय साडेएक्कावन्न इंच भरेल. बॉर्डरच्या पट्ट्यांची लांबी कडेवर टेप धरून घेऊ नये. क्विल्टच्या मधोमध मोजावी, पट्ट्या त्या मापाच्या कापाव्यात आणि कड त्यांच्यात सारखी वाटून टाचावी.